लोहारणीची विचारपूस

पिकं पिवळी पडायला लागली की लोहाराच्या दारात माणसं ताटकळत बसायची, आणि बसलेल्या प्रत्येकाला आपलाच विळा आधी हवा असायचा. कुणी हातातलं काम टाकून आलेला असायचा, कुणी घरी तापानं फणफणलेलं पोर ठेवून. लोहार कुणाचंच ऐकायचा नाही. उलट घाई करणारा दिसला की त्याचा हात आणखी सावकाश चालायचा. "लोखंड काय माझा नोकर आहे? तापेल तेव्हा तापेल," असं म्हणून तो चिलीम शोधायला लागायचा. लोकांना ताटकळत ठेवण्यात त्याला फार मजा वाटायची, आणि ती तो लपवतही नसे.

यंदा पिकं पिवळी पडली आणि दारात कुत्रंही फिरकलं नाही.

गेल्या हंगामातले विळे भिंतीवरच्या खुंट्यांना तसेच लटकत होते. त्यांना गंज चढू नये म्हणून लोहारीण दर काही दिवसांनी एकेक विळा उतरवायची, तेलाच्या चिंधीनं पुसायची आणि परत टांगायची. तेवढं झालं की झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. मग भात्याचं चामडं चाचपून बघायची. लोहार खाटेवर पडल्यापडल्या वैतागायचा.

"अगं, जरा एका जागी बूड टेक. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागायला लागली."

"मग बघू नका," ती म्हणायची आणि कोळसे निवडायला बसायची.

तिला बसवतच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून घण तिच्या हातात होता. लोहार सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवणार, छोट्या हातोड्यानं कुठे मारायचं ते टिचकी मारून दाखवणार, आणि घण मारणार ही. इतक्या वर्षांत तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा भरलेला झाला होता. शिंप्याला ती उजवी बाही सैल शिवायला सांगायची. हाताला काम नसलं की तो खांदा आतून ठणकायचा. लोकांचे खांदे काम करून दुखतात, हिचा काम नसल्यानं दुखत होता.

त्याच दिवसांत मुलगा शहरातून आला. तो खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या एका कारखान्यात जोडकाम करायचा. आल्याआल्या त्यानं भिंतीकडे पाहिलं, विळे पाहिले आणि जेवायला बसला. हात धुतल्यावर म्हणाला, "बाबा, आमच्या कारखान्याच्या फाटकावर बसायला माणूस हवाय. मी मालकाकडे शब्द टाकलाय. मागे खोली आहे, एकच आहे, पण पक्की आहे. दोघं चला."

लोहार दात कोरत राहिला. लोहारणीला वाटलं, आता हा भडकणार, मुलाला चार शब्द सुनावणार. पण तो भडकला नाही.

"हा हंगाम बघू," लोहार म्हणाला. "या बाजारांत माल उठला तर ठीक. नाहीतर ऐरण भंगारवाल्याला देऊन टाकू आणि येऊ. फाटक तर फाटक. निदान लोक आत जायच्या आधी मला विचारतील तरी."

तो हे हसत बोलला, पण ते हसणं खरं नव्हतं. ऐरण गेली की भट्टी गेली, भट्टी गेली की घण गेला. घण गेल्यावर त्या एका खोलीत आपण दिवसभर करायचं काय, हे लोहारणीला काही केल्या दिसेना. नवरा फाटकावर, मुलगा कामावर, आणि आपण? भिंतीकडे तोंड करून बसायचं? तिनं भांडी घासताना मुलाला मागच्या दारी गाठलं.

"अरे, विळे का जात नाहीत? तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं याला काय किंमत आहे आई? जे घेत नाहीत त्यांना विचार. तुमचं सगळं उलटं आहे. आधी माल करता आणि मग गिऱ्हाईक शोधता. आमचा मालक आधी माणूस हिंडवतो, लोकांना काय हवंय ते काढून घेतो आणि मगच पत्र्याला हात लावतो."

आतून लोहाराचा आवाज आला. "विळ्यात विचारायचं काय? वाकडा असतो आणि कापतो!"

मुलगा परत गेला. लोहारणीनं मात्र ते बोलणं पदरात बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन विळे टोपलीत टाकून ती बाहेर पडली.

पहिलं घर मळेवाल्याचं. त्याच्या नांगराचा फाळ धार लावायला लोहाराकडेच पडून होता. मळेवाल्याची बायको उन्हात गाद्या टाकत होती. लोहारणीला बघताच ती लगबगीनं पुढे आली.

"या या! फाळ झाला वाटतं?"

"होईल या आठवड्यात. मी दुसऱ्या कामाला आले. आमच्या विळ्यात काही खोट असली तर सांगा. खरं सांगा, मला राग येणार नाही."

मळेवालीनं जीभ चावली. "खोट? तुमच्या विळ्यात? अहो, तुमच्या घरच्या लोखंडाला तोड नाही. आमच्या सासूबाईंच्या हातात तुमचाच विळा होता."

"मग यंदा नेला नाहीत तो?"

"नेऊ की, घाई काय आहे," मळेवाली म्हणाली आणि गादी धोपटायला लागली. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "जरा जड आहे, एवढंच. म्हणजे तसा जड नाही. पण असतो जरा."

लोहारणीनं ते मनात धरलं. जड. पुढच्या घरी दोघी जावा होत्या, थोरली आणि धाकटी. एकीनं पूर्व म्हटलं की दुसरीनं पश्चिम म्हणायचं, असा त्यांच्या घराचा रिवाज होता.

"जड? छे, जड कुठला," थोरली म्हणाली. "मूठ गोल आहे, ती घामानं फिरते."

"मूठ चांगली आहे हो, जडच आहे," धाकटी म्हणाली.

"तुला काय कळतं? तू कापलंयस काय आजवर?"

"तुमच्यामागे राहून जेवढं कापायला मिळालं तेवढं कापलंय!"

लोहारणीनं दोघींच्या मधे टोपली ठेवली. "हलका केला आणि मूठ चपटी केली, तर घ्याल?"

"घेऊ की!" दोघी एका आवाजात म्हणाल्या, आणि आपण एकच बोललो हे लक्षात आल्यावर एकमेकींकडे रागानं बघायला लागल्या.

असं ती घरोघर फिरली. प्रत्येक घरी पाणी मिळालं, बसायला जागा मिळाली, आणि शेवटी तेच उत्तर मिळालं. घेऊ की, का नाही घेणार? उन्हानं तिचं डोकं भणभणत होतं, पण पाय हलके झाले होते. ही बाई घण मारण्यात पक्की होती, पण विचारण्यात अगदीच कच्ची. कापणीच्या तोंडावर लोहारणीनं दारात येऊन, हातात तिचाच विळा घेऊन विचारलं, तर तिच्या तोंडावर कोण नाही म्हणणार? ज्याचा फाळ तिच्याकडे अडकलाय तो तर नाहीच नाही. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही.

घरी येऊन तिनं लोहाराला हलवलं. "हलका हवाय. मूठ चपटी हवीय. सगळे घेणार आहेत, मी सगळ्यांना विचारलंय."

"सगळ्यांना अक्कल असती तर आपण कशाला लोहार झालो असतो," असं काहीतरी पुटपुटत लोहार उठला. पण उठला. भट्टी पेटली. घरात होतं नव्हतं ते लोखंड बाहेर निघालं, जुन्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धावसुद्धा. लोहारणीचा घण वर गेला की खांद्यातला ठणका थांबायचा. धूर, ठिणग्या, मानेवरून उतरून कमरेपर्यंत जाणारा घाम. मधेच लोहार ओरडायचा, "हळू! पातळ करायचाय, फाडायचा नाही!" आणि ती हसायची. तापलेल्या पात्याला पाणी देताना चर्रर्र आवाज झाला की लोहार कान देऊन ऐकायचा आणि काही न बोलता विळा बाजूला ठेवायचा. काही न बोलणं ही त्याची शाबासकी.

बाजारच्या दिवशी दोघांनी पोतं अंथरून विळे मांडले. हलके, चपट्या मुठीचे, धारेवर ऊन चमकत होतं. माणसं थांबली, विळे उचलून बघितले, वाहवा झाली. मळेवाली आली. "अगदी पिसासारखा केलात हो!" म्हणाली, फाळ झालाय का विचारलं आणि गेली. थोरली जाऊ आली, तिनं मूठ दाबून बघितली. "आता कशी बसली हातात! येते हं मी, जाताना नेते."

दुपार झाली. जाताना कुणीच आलं नाही. सगळ्यांना जायला त्या दिवशी दुसराच रस्ता सापडला होता.

लोहारीण पाणी प्यायला म्हणून नळाकडे गेली. नळाला लागून हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानाच्या दारात लाल प्लास्टिकच्या मुठीचे कारखान्यातले विळे गड्डीनं टांगले होते, पत्र्याचे, पात्याला बारीक दात पाडलेले. आणि पायरीवरून धाकटी जाऊ उतरत होती. तिच्या पिशवीत भाजीच्या जुडीखालून लाल मूठ डोकावत होती. तिनं लोहारणीला पाहिलं. पिशवी घाईनं पोटाशी धरली.

"घरच्यांनी सांगितलं होतं हो…" ती म्हणाली. "म्हणजे मी घेणार नव्हते…"

लोहारणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनंच बाजू सावरून घेतली. "भाजी ताजी दिसतेय," ती म्हणाली. "कुठून घेतली?"

"तिकडून, कोपऱ्यावरून," धाकटी म्हणाली आणि भाजी नसलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून निघून गेली.

पोतं गुंडाळताना लोहार एवढंच म्हणाला, "झालं विचारून?" त्यात टोमणा नव्हता, तेच तिला जास्त लागलं. दोन दिवसांत त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाला आला, ऐरणीवर बोटांच्या गाठींनी टकटक केलं, हलवून बघायचा प्रयत्न केला आणि कमरेला हात लावून उभा राहिला. "कापणी संपत आली की गाडी घेऊन येतो. आत्ता सगळ्या गाड्या पिकात अडकल्यात," असं सांगून तो गेला.

लोहारणीला राग आला होता. धाकटीवर नाही, मळेवालीवर नाही, स्वतःवर. सगळ्यांनी काय सांगितलं ते तिनं ऐकलं होतं, पण त्यांच्या हातात काय होतं हे बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी तिनं आपल्याच घरचा एक विळा आणि भाकरी फडक्यात बांधली. ओढ्यापलीकडच्या शेतांवर बाहेरून आलेल्या मजुरांच्या टोळ्या कापणी करत होत्या. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिनं मुकादमासमोर हात पुढे केले.

मुकादमानं तळव्यांवरचे घट्टे बघितले. "काम केलेलं दिसतंय. उभी राहा रांगेत. मागे पडायचं नाही."

तिचा विळा सुरुवातीला असा चालला की ती स्वतःच खूश झाली. मूठभर ताटं डाव्या हातात, एक ओढ, आणि सर्रकन काप. शेजारची म्हातारी मजूरबाई, जिला सगळ्या मावशी म्हणायच्या, वळूनवळून बघत होती. पण ऊन चढलं तशी धार उतरली. लोहारीण बांधावर बसली, कनवटीचा दगड काढला आणि धार लावायला लागली. कुठल्याही लोहाराचा विळा असाच वापरतात. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

"ए बाई!" मुकादमाचा आवाज शेतभर गेला. "बसायला आलीस काय? तुझी ओळ बघ कुठे राहिली!"

ती उठली. रांग पुढे गेली होती. धापा टाकत तिनं ती गाठली, पुन्हा मागे पडली, पुन्हा बसावं लागलं, पुन्हा ओरडा खाल्ला. कामचुकार बाईकडे बघावं तशा बायका तिच्याकडे बघायला लागल्या. स्वतःच्या नवऱ्यानं पाणी दिलेलं लोखंड हातात असून ती रांगेत सगळ्यात मागे होती. तिला रडू येईल असं वाटलं.

जेवायला बसल्यावर मावशीनं तिचा विळा उचलला. "लोहाराचा दिसतोय. चांगला आहे. पण इथे कामाचा नाही बाई. याला दगडावर घासायला बसावं लागतं. बसलीस की तो बोंबलतो. दातांच्या विळ्याला बसावं लागत नाही."

"एवढंच? जड वगैरे नाही?"

मावशी तोंडातला घास सांभाळत हसली. "दिवसभर पेंढ्यांचे भारे उचलतो आपण. विळ्याचं वजन कुणाला लागतंय?"

"पण लोक लोहारणीला तर सांगतात की जड आहे."

"तिला तोंडावर काय सांगणार? कायतरी सांगायचं आणि वाटेला लावायचं. उद्या काम पडतंच की तिच्याशी."

आजूबाजूच्या बायका हसल्या. लोहारीणही हसली. हसता हसता घास घशात अडकला आणि मावशीनंच तिच्या पाठीत थापटी मारली.

जेवून ती पुन्हा रांगेत उभी राहिली, आणि मग रोज जात राहिली. मावशीनं तिला एक जास्तीचा दातांचा विळा दिला होता. लोहाराला तिनं फक्त मजुरीला जाते म्हणून सांगितलं. पाठ दुखत होती, बोटांच्या पेरांत काड्या घुसल्या होत्या, पण डोळे स्वस्थ बसत नव्हते. कोण विळा कसा धरतं, कोण कुठे थांबतं, कोण काय पुटपुटतं, सगळं ती बघत होती. आता विचारत मात्र काहीच नव्हती.

काही दिवस गेले आणि विळ्यांचे दात झिजले. आधी सहज कापली जाणारी ताटं आता उपटावी लागत होती. बायकांची मनगटं सुजली. एकीनं दगडानं दात ठोकून बघितले, एकीनं दुसऱ्या विळ्याच्या पाठीवर घासले. एकीचं बोट कापलं. झिजलेलं पातं काडीवरून घसरून थेट बोटात गेलं. तिनं चिंधी बांधली आणि कापत राहिली. पार गेलेले विळे बांधावरच्या झुडपाखाली टाकलेले होते, तिथे ढीग झाला होता. नवा विळा ज्याचा त्यानं आणायचा, आणि दुकान ओढ्याच्या अल्याड, गावात. एक दिवस काम बुडवून जावं लागायचं. कुणीही तक्रार करत नव्हतं. दात जायचेच, असंच त्यांचं म्हणणं, आणि जे असंच असतं त्याबद्दल माणूस बोलत नाही. हे तिला दारोदार फिरून जन्मात कळलं नसतं.

त्या संध्याकाळी तिनं झुडपाखालचा ढीग फडक्यात भरला आणि घरी आणून लोहाराच्या पायाशी ओतला.

"उकिरडा घरात आणलास?" लोहार म्हणाला.

"याला नवे दात पाडून हवेत."

लोहारानं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं त्याला कुणाचं तरी उष्टं वाढलं. "दुसऱ्याच्या मालाला मी दात लावत बसू? या पत्र्याला? माझ्या बापानं ऐरणीवर असलं काही ठेवू दिलं नसतं."

"तुमच्या बापाच्या वेळी मुकादम नव्हते. आपला विळा चांगला आहे हो. मी स्वतः कापलंय त्यानं. पण त्याला धार लावायला बसावं लागतं, आणि त्यांना बसू देत नाहीत. मी शिव्या खाल्ल्यात त्यापायी, सगळ्यांदेखत."

बायकोला शिव्या दिल्या हे लोहाराला आवडलं नाही, आणि आपल्या विळ्यामुळे दिल्या हे त्याहून नाही. त्यानं नाक मुरडत ढिगातला एक विळा उचलला. अंगठा आपोआप पात्यावर फिरला. सवय ती सवय.

"लोणी आहे नुसतं," तो म्हणाला. "तापवायलाही नको, छिन्नी तशीच बसेल याच्यात. कुणी बनवलंय हे? लाज कशी वाटत नाही?" मग म्हणाला, "दात पाडून देईन, पण चार दिवसांत पुन्हा झिजतील."

"मग चार दिवसांनी पुन्हा आपल्याकडेच येतील."

लोहारानं मान वर केली. पातं ऐरणीवर आडवं ठेवलं, छिन्नी टेकवली आणि छोट्या हातोड्यानं टक टक टक करत एका कडेनं दात पाडत गेला. लोहारीण नेहमीसारखी घण उचलून त्याच्यासमोर उभी राहिली.

"याला घण नको," तो मान खाली घालूनच म्हणाला.

ती तशीच जरा वेळ उभी राहिली, मग घण भिंतीला टेकवून ठेवला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. हे काम तिनंच शोधून आणलं होतं आणि त्यात तिच्या हाताला जागा नव्हती. भात्याची गरज नाही, कोळशाची नाही, तिची नाही. तरी तिनं दात पाडून झालेला पहिला विळा उचलला, बोटानं दात मोजल्यासारखे चाचपले आणि म्हणाली, "शेतावर नेऊन बसायला हवं. त्या इथे येऊ शकत नाहीत."

आणि नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला गाडी घेऊन दारात आला.

लोहारानं गाडीकडे बघितलं, ऐरणीकडे बघितलं. "तुझ्या गाडीत ही ओढ्यापलीकडे पोचव," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर तिथूनच उचलून ने."

"मला काय, कुठूनही उचलायची," भंगारवाला म्हणाला. तिघांनी मिळून ऐरण गाडीत चढवली, रात्री दात पाडलेले विळेही ठेवले. लोहारणीचा जीव टांगणीला लागला होता. ऐरण घराबाहेर पडली ती परत येते की नाही, हे आता त्या शेतातल्या बायकांवर होतं, आणि त्या बायकांना त्याचा पत्ताही नव्हता.

बांधावर झाडाखाली ऐरण मांडली. मुकादम धावत आला. "हे काय दुकान थाटलंत? माझ्या बाया इथे येऊन बसणार नाहीत, आधीच सांगतो!"

"कुणी बसणार नाही," लोहारीण म्हणाली. "मी रांगेतून फिरते. झिजलेला विळा द्यायचा, दात पाडलेला घ्यायचा, पैसे मजुरी मिळाल्यावर. उभ्या उभ्या. तुमची रांग थांबणार नाही, उलट पुढे पळेल. बघा तर खरं."

मुकादमानं तिला ओळखलं. "तू तर आमच्या रांगेतली! मागे पडणारी!"

"तीच," ती म्हणाली. "लोहारीण आहे मी."

मावशीनं हे ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. पण विळा बदलून घेतला. मग दुसरीनं घेतला, तिसरीनं घेतला. लोहारीण रांगेच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली आणि झिजलेले विळे घेऊन बांधावर आली. बायका पुन्हा वाकल्या. सर्रक सर्रक आवाज सुरू झाला.

कुणी काही बोललं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. लोहार दात पाडत होता, पण कान शेताकडे होते. ऊन डोक्यावर आलं. भंगारवाला गाडीच्या सावलीत झोपून उठला, बैलांना पाणी दाखवून आला आणि दोर गुंडाळायला लागला.

"कुणी एक शब्द बोललं का?" लोहार म्हणाला. "बाजारात निदान वाहवा तरी करत होते."

लोहारीण उठून उभी राहायची, बसायची, पुन्हा उभी राहायची.

तेवढ्यात रांगेच्या पार टोकाकडून एक बाई शेत तुडवत येताना दिसली. उंच, हाडकुळी, चेहरा घामानं आणि रागानं लाल. लोहारणीनं तिला आजवर पाठमोरीच पाहिली होती. मुकादम तिला कायम अगदी कडेला उभी करायचा. ती आली आणि तिनं विळा लोहाराच्या पुढ्यात फेकला. विळा ऐरणीवर आपटून खणकला.

"हे काय दात पाडलेत?" ती ओरडली. "कुणासाठी पाडलेत? दुकानातला नवासुद्धा असलाच, तुम्ही तरी डोळे उघडून करायचं! ओढला की बाहेर घसरतो! माझा हात बघा, हा!" तिनं डावा हात लोहाराच्या नाकासमोर नाचवला. "मी या हातानं कापते. दात उजव्या हाताच्या बाजूनं पाडलेत. माझ्या हाताला ते उलटे लागतात. म्हणून मी मागे पडते आणि म्हणून हा माणूस मला कडेला टाकतो!"

लोहाराचं डोकं फिरलं. उभ्या आयुष्यात त्याचं काम कुणी असं तोंडावर फेकलं नव्हतं. तो छिन्नी टाकून उठला. "भंगारवाले! उचला ऐरण! बस झालं!"

भंगारवाला दोर घेऊन पुढे आला.

"थांबा!" लोहारीण दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. तिला फार आनंद झाला होता. वाहवा करून दुसऱ्या रस्त्यानं निघून जाणाऱ्या बायका तिनं पाहिल्या होत्या. ही बाई भर उन्हात काम टाकून, मुकादमाचा ओरडा अंगावर घेऊन भांडायला आली होती. हिला विळा हवा होता. खरोखर हवा होता. "बसा तुम्ही खाली. बोलू द्या तिला. बोल गं बाई. हे आजवर कुणाला सांगितलं नाहीस?"

"दुकानदाराला सांगितलं. तो म्हणतो, हात बदल."

लोहार अजून उभाच होता, छाती वरखाली होत होती. मग त्याची नजर पात्यावर गेली. दात एकाच अंगानं कापलेले होते, त्यानं नेहमीच्या अंगानं कापले होते, विचार न करता. तो हळूच खाली बसला, विळा उलटा करून ऐरणीवर ठेवला आणि कानशीनं जुने दात घासून काढले. मग दुसऱ्या अंगानं छिन्नी टेकवली. टक टक टक. बाई कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभी होती.

"जरा मोठे पाडा," ती म्हणाली. "फार बारीक असले की सकाळी दवानं ओली काडी त्यात अडकते."

"आणखी काय?" लोहारीण म्हणाली.

"आणखी काय म्हणजे? मूठ गुळगुळीत आहे, हे काय सांगायला हवं?"

लोहारानं मान न उचलता दात मोठे पाडले. बाईनं विळा घेतला, बांधालगतची मूठभर ताटं डाव्या हातातल्या विळ्यानं सर्रकन कापली, पुन्हा मूठभर कापली. चांगला आहे असं काही म्हणाली नाही. जाता जाता वळून म्हणाली, "माझी बहीणही डावरी आहे. ती ओढ्याच्या वरच्या टोळीत आहे. तिकडेही सगळ्यांच्या विळ्यांचे दात गेलेत."

भंगारवाला दोर हातात धरून ताटकळत होता. "मग ऐरणीचं काय ठरलं?"

"दिसत नाही का, काम चाललंय," लोहार म्हणाला आणि पुढचा विळा ओढून घेतला.

लोहारणीनं दात पाडून झालेले विळे फडक्यात बांधले, गाठोडं भरलेल्या खांद्यावर टाकलं आणि मावशीला वरच्या टोळीची वाट विचारून ती तिकडे चालू लागली.